पेटन मॅनिंगच्या हातातलं बळ गेलं, तरी पास पोचत कसे राहिले?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. मुलगा तेरा वर्षांचा, डॅलसकडच्या शाळेत अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्याच्या, जागेसाठी धडपडतोय, हात फार दणकट नाही. ऑफिसातला एक जण म्हणतो, पेटन मॅनिंग बघा, मानेवर चार शस्त्रक्रिया होऊनही विक्रम केला, तेव्हा हाताच्या जोराचं एवढं काही नसतं. दुसरा म्हणतो, मॅनिंग नुसता आकड्यांचा राजा, शेवटचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, त्याला बचावफळीने जिंकून दिला. यातलं खरं काय, आणि मुलाला मॅनिंगचं नेमकं काय दाखवावं?

क्वार्टरबॅकच्या टेप बघणं आणि मुलांना त्या बघायला शिकवणं हे माझं रोजचं काम, म्हणून त्याच अंगाने सांगतो. माझं मत आधीच देतो: मॅनिंगच्या खेळाचा मोठा भाग चेंडू हातात येण्याआधीच उरकलेला असायचा. हात कमजोर झाला तेव्हा तो भाग शाबूत होता, म्हणून २०१३ चा विक्रमी सीझन घडला. पण राहिलेल्या भागाला पाय लागतात, आणि २०१५ मध्ये पायच दुखावला. श्रेय किती त्याचं आणि किती परिस्थितीचं, हे मात्र सीझनगणिक बदलतं. ते ओघात येईलच.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म २४ मार्च १९७६, न्यू ऑर्लिन्स. वडील आर्ची मॅनिंग तिथल्याच सेंट्स संघाचे क्वार्टरबॅक. थोरला भाऊ कूपर रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, होता. पाठीच्या कण्यातली नळी अरुंद असल्याचं निघालं आणि अठराव्या वर्षी त्याचा खेळ थांबला. धाकटा ईलाय पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून दोन सुपर बोल जिंकला. पेटन टेनेसी विद्यापीठात गेला, तीन वर्षांत पदवी झाली, तरी चौथं वर्ष खेळायला थांबला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, इंडियानापोलिस कोल्ट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. दुसरा गेला रायन लीफ, सॅन डिएगो चार्जर्सकडे. हाताचा जोर लीफचा जास्त मानला जायचा. लीफची कारकीर्द १४ टचडाउन (चेंडू गोलरेषेपार पोचवणारे पास) आणि ३६ इंटरसेप्शनवर (विरोधकाने हिरावलेले पास) आटोपली.

पहिलं वर्ष मॅनिंगलाही जडच गेलं: २८ इंटरसेप्शन, म्हणजे नवख्या खेळाडूचा विक्रम, आणि संघाचे ३ विजय, १३ पराभव. पण तो १६ च्या १६ सामने खेळला. नवखा क्वार्टरबॅक का फसतो? रिसीव्हर मोकळा दिसला की तो चेंडू सोडतो. कॉलेजात ते चालून जातं. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दिसल्यावर सोडलेला चेंडू पोचेपर्यंत जागा बुजलेली असते. रिसीव्हर मोकळा होणार हे आधी कळावं लागतं, आणि ते समोरच्या बचावाची मांडणी वाचल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या वर्षी कोल्ट्सचे विजय १३ झाले आणि पराभव ३.

आता मुख्य भाग. एक प्ले, म्हणजे एक चाल, संपला की पुढच्या स्नॅपसाठी, म्हणजे सेंटरने चेंडू मागे क्वार्टरबॅकला देण्यासाठी, ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद. तिथून पुढे क्वार्टरबॅक एकटा. बहुतेक संघ हडलमध्ये, म्हणजे घोळका करून, प्ले ठरवतात, रेषेवर येतात आणि स्नॅप घेतात; वाचायला जेमतेम सात-आठ सेकंद मिळतात. कोल्ट्सचे आक्रमण प्रशिक्षक टॉम मूर यांनी हडलच काढून टाकली. मॅनिंग पंचवीस-तीस सेकंद शिल्लक असतानाच रेषेवर उभा असायचा. बाहेरून एकच प्ले न येता बऱ्याचदा दोन-तीन पर्याय यायचे, एखादी धाव आणि एखादा पास, आणि त्यातला कोणता चालवायचा हे बचावाची मांडणी बघून तो ठरवायचा.

यात नियमाचाही एक फायदा आहे. आक्रमणाने खेळाडू बदलले नाहीत, तर बचावाला बदलासाठी वेगळा वेळ मिळत नाही. दमलेले, नको ते अकरा जण मैदानात अडकतात. बाहेर पळणारा बारावा माणूस दिसला की मॅनिंग लगेच स्नॅप घ्यायचा आणि बचावाला जास्त खेळाडूंचा दंड बसायचा.

त्या पंचवीस सेकंदांत तो करायचा काय? एक स्नॅप हळूहळू बघू. तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरी), अजून सहा यार्ड कमवायचेत. मॅनिंग सेंटरच्या पाच यार्ड मागे, शॉटगनमध्ये.

आधी सेफ्टी, म्हणजे बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू, मोजायचे. खोलवर दोघे असतील तर मधला भाग उघडा आणि पुढची गर्दी कमी, म्हणजे धावेलाही वाव. एकच असेल तर दुसरा पुढे आलाय: कडेला एकास एक पहारा असण्याची शक्यता मोठी. मग रेषेजवळची माणसं. पाच लाइनमन (पुढची भिंत) आणि एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) मिळून सहा जण अडवणार. आत शिरू शकतील असे सात दिसले तर एक जण मोकळा सुटणार, हे गणित आधीच मांडून ठेवायचं. त्यानंतर तो एका लाइनबॅकरकडे, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूकडे, बोट दाखवून ‘माइक’ म्हणून त्याचा नंबर ओरडायचा. तो खरोखर मधला लाइनबॅकर असेलच असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की लाइनमननी आपली मोजणी त्याच्यापासून धरायची आणि त्याच्या पलीकडून आलेला माणूस बॅकने घ्यायचा. ही मोजणी चुकली तर पाचही लाइनमन आपापलं काम चोख करतात आणि तरीही क्वार्टरबॅक आडवा होतो. टेपवर ते लाइनमनचं अपयश वाटतं.

पुढे एका रिसीव्हरला या टोकाकडून त्या टोकाला पाठवायचं. त्याच्यामागे बचावपटू धावला तर माणसागणिक पहारा, सगळे नुसते एकेक पाऊल सरकले तर क्षेत्राचा पहारा. बचाव चांगला असेल तर तो इथेही खोटं दाखवतो. म्हणून शेवटी खोटी हाळी: स्नॅपसारखाच आवाज, तेवढाच जोर, पण चेंडू हलत नाही. ब्लिट्झला, म्हणजे क्वार्टरबॅकवर तुटून पडायला, निघालेल्याचं वजन पुढच्या पायावर येतं, टाच उचलली जाते. एवढं दिसलं की मॅनिंग मागे वळून बॅकला सांगायचा, लाइनला हाताने खूण करायचा, प्ले बदलायचा. घड्याळ तीन-चार सेकंदांवर येईपर्यंत हे चालायचं, म्हणजे बचावाला पुन्हा मांडणी बदलायला वेळच उरायचा नाही.

‘ओमाहा’ हा शब्द लोकांनी डोक्यावर घेतला तो यातलाच एक. त्याचा एकच अर्थ कधीच नव्हता. बऱ्याचदा ‘आता बदल संपले, स्नॅप येतोय’ अशी ती खूण असायची, आणि बचावाने ते ओळखलं की तोच शब्द चकवा म्हणून वापरला जायचा. जानेवारी २०१४ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, याच हाळ्यांना फसून चार्जर्सचे खेळाडू पाच वेळा स्नॅपच्या आधी पुढे आले. अशा वेळी बऱ्याचदा प्ले थांबत नाही. क्वार्टरबॅक बिनधास्त लांब फेकू शकतो, कारण चेंडू गेला तरी दंड बचावालाच.

ऐकायला हे सगळं अवघड वाटतं, म्हणून लोकांना वाटतं कोल्ट्सकडे शेकडो प्ले असतील. उलट होतं. मांडण्या मोजक्या, प्ले मोजके, जागा ठरलेल्या: मार्विन हॅरिसन जवळपास नेहमी उजवीकडे, रेजी वेन डावीकडे. डाव्या-उजव्या बाजूच्या पावलांचा गोंधळच नाही, त्यामुळे सगळा सराव वेळ जुळवण्यावर. त्यांचा ‘लेव्हल्स’ हा प्ले घ्या. कडेचा रिसीव्हर पाच यार्डांवर आत वळतो, त्याच्या आतला दहा-बारा यार्डांवर आत वळतो. मधल्या लाइनबॅकरकडे बघायचं. तो मागे सरकला तर चेंडू पाच यार्डांवर, तो पुढे झेपावला तर त्याच्या मागे बारा यार्डांवर. बचावाला हा प्ले तोंडपाठ होता. तरीही एका माणसाला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही, आणि निर्णय त्याचं पाऊल पडल्यावर होतो. २००३ ते २००९ सलग सात सीझन कोल्ट्सने किमान बारा सामने जिंकले. चेंडू लवकर सुटत असल्यामुळे मॅनिंग अख्ख्या कारकिर्दीत फक्त ३०३ वेळा सॅक झाला, म्हणजे पास सुटण्याआधी आडवा पडला, ९,३८० पास फेकून.

इथे परिस्थितीचा वाटा सांगायला हवा. जानेवारी २००४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध त्याचे चार पास हिरावले गेले, त्यातले तीन टाय लॉने. रिसीव्हरना वाटेत धरून, ढकलून त्यांची वेळ बिघडवली की मॅनिंगचं घड्याळच बिघडतं, हे त्या दिवशी उघड झालं. पुढच्या सीझनपासून लीगने पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला हात न लावण्याचा जुना नियम कडक केला. २००४ मध्ये मॅनिंगने ४९ टचडाउन फेकले. नियम सगळ्यांनाच होता आणि ४९ त्याचेच, पण त्या कडक अंमलाचा सगळ्यात मोठा लाभ वेळेवर चालणाऱ्या आक्रमणाला झाला हेही तितकंच खरं.

पहिला सुपर बोल फेब्रुवारी २००७ चा, मायामीच्या पावसात, शिकागो बेअर्सविरुद्ध २९–१७. त्या प्लेऑफमध्ये त्याचे तीन टचडाउन आणि सात इंटरसेप्शन होते. बाल्टिमोरविरुद्धचा सामना तर ॲडम व्हिनातिएरीने लाथेने मारलेल्या पाच फील्ड गोलवर १५–६ असा जिंकला. म्हणजे संघाने त्याला सावरलं ते काही फक्त शेवटच्याच वर्षी नाही.

आता मान. दबलेल्या चकतीचा भार मज्जातंतूवर येत होता. दोन वर्षांच्या आत चार शस्त्रक्रिया झाल्या. शेवटच्या, सप्टेंबर २०११ च्या शस्त्रक्रियेत चकती काढून दोन मणके एकमेकांना जोडले. हाड जुळलं की मान स्थिर होते. तंतू मात्र आपल्या गतीने वाढतो, ढोबळमानाने दिवसाला एक मिलिमीटर, आणि पूर्ण वाढेलच असं नसतं. त्याच्या उजव्या हाताच्या ट्रायसेप्सचं बळ गेलं आणि बोटांच्या टोकांची जाणीव बोथट झाली.

फेकीत या दोन्हींचं काम काय? जोर जमिनीतून येतो: मागचा पाय, कंबर, खांदा या क्रमाने. ट्रायसेप्स शेवटी कोपर सरळ करतो, आणि चेंडू सुटताना तर्जनीचं टोक त्याला फिरकी देतं. कोपर ढिला पडला तर वेग कमी होतो. बोट बोथट असेल तर फिरकी कमी पडते, चेंडू हेलकावे खातो आणि वाऱ्यात भरकटतो. वेगाची भरपाई लवकर सोडून करता येते. फिरकीची होत नाही. म्हणूनच २०१२ च्या अखेरीस थंडीत तो उजव्या हाताला ग्लोव्ह घालायला लागला, पकडीसाठी.

तो २०११ चा अख्खा सीझन बाहेर होता. त्याआधी प्लेऑफ धरून सलग २२७ सामने त्याने सुरू केले होते. तो नसताना कोल्ट्स दोनच सामने जिंकले. मार्च २०१२ मध्ये २ कोटी ८० लाख डॉलरचा बोनस देण्याची मुदत आली, ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर तरुण क्वार्टरबॅक अँड्र्यू लक मिळणार होता, आणि कोल्ट्सने त्याला मोकळं केलं. संघाच्या जागी बसून बघितलं तर तो निर्णय चुकीचा नव्हता. मान टिकेल याची हमी कोणी देऊ शकत नव्हतं. डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला पाच वर्षांसाठी घेतलं.

डेन्व्हरमध्ये काय बदललं ते अंतरातून समजतं. मैदान सुमारे सव्वा त्रेपन्न यार्ड रुंद. चेंडू डावीकडच्या खुणेवर असेल आणि उजव्या कडेला बारा यार्डांचा ‘आउट’, म्हणजे कडेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला पास, फेकायचा असेल, तर हवेतलं अंतर सुमारे ३३ यार्ड भरतं. तोच बारा यार्डांचा पास मधोमध फेकला तर वीसच्या आसपास. बारा यार्ड दोन्हीकडे सारखेच मिळतात, पण हाताला तेरा यार्डांची सूट मिळते. लांबच्या कडेची फेक कमी झाली. मधला भाग, आडव्या धावा, आखूड पासवर पुढे पळणारा डेमेरियस थॉमस हे वाढलं. चेंडू सरासरी अडीच सेकंदांच्या आत सुटू लागला.

२०१३ चा हिशेब: ५५ टचडाउन, ५,४७७ यार्ड, दोन्ही विक्रम, संघाचे ६०६ गुण. एरिक डेकर, वेस वेल्कर, ज्युलियस थॉमस आणि डेमेरियस, चौघांचेही किमान दहा-दहा टचडाउन. असे चार जण सगळ्या क्वार्टरबॅकांच्या नशिबी नसतात, हे खरं. पण मला त्या सीझनमधला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. डावा टॅकल रायन क्लेडी दुसऱ्याच आठवड्यात जायबंदी झाला, पाठची राखण बदली खेळाडूकडे गेली, आणि तरीही मॅनिंग अख्ख्या सीझनमध्ये १८ वेळाच सॅक झाला. ‘माइक’ची मोजणी बरोबर असणं म्हणजे काय, ते या १८ मध्ये आहे.

याच पद्धतीची मर्यादा २ फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये उघडी पडली. सिॲटल सीहॉक्सने लपवाछपवी केलीच नाही. मागे तिघांचा पहारा, पुढून चौघांचाच हल्ला, आणि आखूड पास झेलला की जागच्या जागी आडवं करायचं. वाचून झालं तरी उघडं काही सापडत नसेल, तर वाचनाचा उपयोग नाही. तिथे ताकदीची लांब फेक लागते, आणि ती उरलेली नव्हती. डेमेरियसने १३ झेल घेतले, यार्ड मिळाले ११८, आणि सामना ४३–८ असा गेला. पहिल्याच स्नॅपला मॅनिंग काही बदल सांगायला पुढे येत होता. गोंगाटात सेंटरला वाटलं हाळी झाली, त्याने चेंडू सोडला, तो मॅनिंगच्या डोक्याशेजारून मागे, त्यांच्याच गोलरेषेपार गेला आणि १२ सेकंदांत सिॲटलला दोन गुण. जी पद्धत आवाजावर उभी होती, ती आवाज न पोचल्यामुळे फसली.

२०१५ मध्ये डाव्या तळपायाच्या स्नायुबंधाला दुखापत झाली. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे रोवला जातो, सगळं वजन त्यावर येऊन थांबतं. हात आधीच कमजोर, त्यात पाय रोवता येईना. जोर यायचा तरी कुठून? शिवाय नवे मुख्य प्रशिक्षक गॅरी क्युबियाक यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅकला बाजूला धावत फेकावं लागतं. दहा सामन्यांत ९ टचडाउन, १७ इंटरसेप्शन. १५ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने ब्रेट फार्व्हचा एकूण यार्डांचा विक्रम मोडला आणि त्याच सामन्यात २० पैकी ५ पास, ४ इंटरसेप्शन अशी गत होऊन तो बाकावर बसला.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याचं ७ फेब्रुवारी २०१६ च्या सुपर बोलबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. ब्रॉन्कोज २४, पँथर्स १०. डेन्व्हरच्या आक्रमणाचे एकूण १९४ यार्ड, मॅनिंगचे २३ पैकी १३ पास, १४१ यार्ड. सामनावीर व्हॉन मिलर, बचावपटू. मॅनिंगने त्या दिवशी अवघड पास टाळले, गरज पडली तिथे पंट, म्हणजे लाथेने चेंडू दूर मारून समोरच्याला देणं, होऊ दिलं. ती त्या दिवसाची योग्य समज होती, एवढंच श्रेय मी देईन. महिन्याभरात, ७ मार्चला, तो निवृत्त झाला. एकूण ७१,९४० यार्ड, ५३९ टचडाउन, पाच वेळा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेम. प्लेऑफमध्ये १४ विजय, १३ पराभव, आणि नऊ वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर. हाही हिशेब लपवण्यासारखा नाही.

आता मुलाचं. तेराव्या वर्षी शाळेचे प्रशिक्षक रेषेवर प्ले बदलू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण वाचायला आत्तापासून शिकता येतं. मैदान मागून दिसेल अशी टेप लावा, स्नॅपच्या आधी थांबवा. सेफ्टी किती, रेषेजवळ माणसं किती, एवढंच त्याने मोठ्याने सांगायचं. मग टेप सोडा आणि एका सेकंदाने पुन्हा थांबवा: सेफ्टी होते तिथेच आहेत का? एका बैठकीला वीस स्नॅप पुरे. त्याहून जास्त केलं की मुलं अंदाज ठोकायला लागतात.

मैदानावर दहा यार्डांवर एक शंकू ठेवा. जोडीदार पळत येऊन तिथे वळेल. तो बाहेरचा पाय रोवतो त्याच क्षणी चेंडू सुटला पाहिजे, वळून झाल्यावर नाही. सुरुवातीला निम्मे चेंडू रिकाम्या जागी पडतील. पडू द्या. तीन पावलं मागे, थांबून एक छोटी उडी, फेक, हा ताल पायात बसल्याशिवाय लांबचं काही फेकू देऊ नका. चेंडू त्याच्या वयाचा घ्या. बारा ते चौदा वर्षांसाठी ‘यूथ’ मापाचा मिळतो. मोठा चेंडू लहान पंजात घट्ट आवळावा लागतो आणि फिरकी मरते. मानेत कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी फेकणं थांबवून डॉक्टरांकडे न्या. मॅनिंगचं नाव घेऊन मुलं अशा वेळी दुखणं लपवतात.

टेपची सुरुवात ५ सप्टेंबर २०१३ च्या बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्धच्या सामन्याने करा, सात टचडाउन आहेत त्यात. त्यानंतर लगेच सिॲटलचा सुपर बोल लावा आणि प्रत्येक पासाला त्याला विचारा, हा चेंडू कडेला फेकता आला असता का.